किलोच्या भावातली वेलबुट्टी

नाशिकमध्ये जुनी छापील चित्रं शोधायची तर वर्षातले दोन हंगाम धरून ठेवावेत. पहिला दिवाळीच्या आधीचा पंधरवडा. घराघरांत माळे आवरले जातात आणि वर्षभरात निघत नाही एवढी रद्दी तेवढ्या दिवसांत बाहेर पडते. दुसरा मे अखेरपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा. पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा लागतात, काही वाडे उतरवले जातात आणि फडताळं, कोनाडे, पत्र्याच्या ट्रंका रिकाम्या होतात. एरवी वर्षभर फिरूनही हाती फारसं लागत नाही. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, भरणाऱ्या बाजारात कधीतरी एखादी पोथी किंवा चौकटीतलं चित्र दिसतं, पण त्यावर विसंबता येत नाही.

आमचं काम लग्नपत्रिका, वेष्टनं, साडीचे काठ आणि मुखपृष्ठं यांवरच्या चित्रांचं. त्यामुळे दुर्मीळ प्रत, पहिली आवृत्ती वगैरे गोष्टींचा सोस आम्हाला नाही. चित्र हवं, आणि ते कसं छापलंय ते कळायला हवं. दुसरी गोष्ट कळल्याशिवाय पहिलीचा उपयोग होत नाही, हे मत खाली जागोजागी डोकावेल.

रद्दीची साखळी समजून घ्यावी. हातगाडीवाला माल गोळा करतो, संध्याकाळी दुकानात टाकतो, तिथे छाननी होते आणि गठ्ठे पुढे गोदामात जातात. माल गोदामात गेला की तो गेलाच. हाती असतो तो मधला एखाद-दुसरा दिवस. छाननीत कागद वेगळा आणि पुठ्ठा वेगळा होतो, कारण दोन्हींचे भाव निराळे. जुन्या पुस्तकाचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. पुठ्ठ्याची बांधणी ओढून काढली की सुरुवातीचं शीर्षक-पान आणि शेवटची दोन-चार पानं त्याबरोबर जातात. म्हणून दुकानदाराला पहिली विनंती ही करावी की पिवळ्या पानांच्या पुस्तकाचा पुठ्ठा काढू नका, वजन पुठ्ठ्यासकट लावा. दोन रुपये जास्त गेले तरी चालतील.

‘जुनी पुस्तकं आहेत का?’ असं विचारलं की मागच्या वर्षीची क्रमिक पुस्तकं समोर येतात. वस्तूचं नाव घेऊन विचारावं: पंचांग, कॅलेंडर, भरतकामाची आणि रांगोळीची पुस्तकं, जुने दिवाळी अंक, बियाण्यांच्या याद्या, औषधांच्या जाहिराती, पोथ्या, कापडाच्या ठाणांवर चिकटवलेली रंगीत चित्रं, काड्यापेटीची लेबलं. सराफ बाजारात विचारायचं तर दागिन्यांच्या नमुन्यांच्या वह्यांबद्दल विचारावं. चित्रकाराच्या नजरेनं पाहिलं तर मोठ्या ग्रंथापेक्षा हा किरकोळ माल जास्त देतो. पंचांगातली वाहनावर बसलेली संक्रांत किंवा राशींची चिन्हं काढणाऱ्याला जागा पोस्टाच्या तिकिटाएवढी होती आणि शाई एकच. तेवढ्यात त्यानं काय काय बसवलं ते पाहत राहावं.

बाजारात जाण्याआधी थोडे दिवस नुसतं पाहण्यात घालवावेत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. अशा जुन्या ग्रंथालयांत बसून एकोणिसाव्या शतकातलं पुस्तक हातात घेतलं की कागद, शाई, बांधणी यांची सवय होते. ही सवय नसेल तर बाजारात चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागदही जुना वाटतो.

पिशवीत फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहान टॉर्च, सहा इंची स्टीलची पट्टी, मऊ कुंचला, झिपच्या आठ-दहा मोठ्या पिशव्या, चित्र मध्ये धरून आणायला ए-३ मापाचे दोन जाड पुठ्ठे, मास्क आणि पेन्सिल. पेन नेऊच नये. घाईत पानावर खूण होते आणि ती निघत नाही. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय असेल तर ती घरी ठेवून निघावं.

पुस्तक हातात आल्यावर आधी वास घ्यावा. कुबट, ओला वास आला तर आत बुरशी आहे असं धरावं. मग कणा पाहावा. चामड्याची बांधणी हाताला विटकरी भुकटी लावत असेल तर ते चामडं कुजलंय. त्यावर खोबरेल किंवा बुटाचं पॉलिश लावणारे लोक आहेत. त्यानं चामडं काळं पडतं, तेल पानांत उतरतं आणि भुकटी थांबत नाही ती नाहीच. चकचकीत हिरव्या कापडाच्या बांधणीचं एकोणिसाव्या शतकातलं विलायती पुस्तक मिळालं तर जरा जपून. त्या काळच्या एका हिरव्या रंगात सोमल म्हणजे आर्सेनिक असे. असं पुस्तक वेगळ्या पिशवीत ठेवावं आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

पुढे पानं मोजायची. नुसते पृष्ठांक पाहून भागत नाही, कारण चित्रांची पानं बहुतेक वेळा मजकुरासोबत छापलेली नसतात. ती जाड कागदावर वेगळी छापून मागाहून चिकटवलेली असतात आणि त्यांना पृष्ठांक नसतो. सुरुवातीला चित्रांची यादी असेल तर तिच्याशी एकेक ताडून पाहावं. यादी नसेल तर शिवणीपाशी टॉर्च धरावा. पान कापून घेतलं असेल तिथे कागदाची बारीक पट्टी उरते. फर्म्याचा, म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घडीतून झालेल्या पानांच्या जुडग्याचा, आकडाही उपयोगी पडतो. सोळा पानी फर्मा असेल तर पान १, १७, ३३ यांच्या तळाशी बारीक अंक किंवा अक्षर असतं. एखादा आकडा गायब असेल तर अख्खा फर्मा गेलाय. फर्मे दोऱ्यानं शिवलेली जुजबंदी शिलाई सुटलेल्या पुस्तकात हे हमखास होतं.

वाचनालयाचा शिक्का दिसला तर त्यासोबत ‘रद्द’ असा शिक्का आहे का ते पाहावं. तो नसेल तर पुस्तक कुठूनतरी उचललेलं असू शकतं. आम्ही ते घेत नाही, आणि वाचनालय ओळखीचं असेल तर त्यांना कळवतो.

आता भिंगाकडे येऊ, कारण खरा फरक तिथे कळतो. छपाईचे प्रकार शिकायला नाशिककराला लांब जावं लागत नाही. इथे नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की ती नाशिकरोडचीच. १९२५ साली सिक्युरिटी प्रेस आली, १९२८ साली नोटांची, आणि घराघरांत कोणीतरी तिथे नोकरी केलेलं. खिशातली पाचशेची नोट काढून गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवावं. शाई उंचवट्यानं लागते. ही खोदलेल्या धातूच्या पत्र्यावरची छपाई. खाचेत शाई भरायची आणि दाबानं कागदावर उचलायची. जुन्या विलायती पुस्तकांतली नकाशांची, इमारतींची बारीक रेघांची चित्रं पुष्कळदा अशीच असतात. त्यांच्याभोवती पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन उमटलेला असतो. चित्र चौकटीत बसवताना कोणी कडा कापल्या असतील तर तो चौकोनही जातो.

मग आजचं वर्तमानपत्र घ्यावं आणि त्यातलं छायाचित्र भिंगाखाली धरावं. ठरावीक अंतरावर बसलेले ठिपके दिसतील, गडद जागी मोठे, उजळ जागी लहान. याला छापखान्यात हाफटोन म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही पद्धत धंद्यात रुळली. मासिक मनोरंजनाचा दिवाळी अंक १९०९ साली निघाला, त्या सुमारापासून पुढच्या मराठी मासिकांत छायाचित्रं दिसतात ती या हाफटोन ब्लॉकची, म्हणजे धातूच्या ठशांची. तीन रंगांचे तीन ब्लॉक एकावर एक छापले की तिरंगी चित्र होतं. त्र्यंबकला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच उद्योगात होते. रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते १९०९ साली जर्मनीला गेले होते.

लाकडी ठशाचं चित्र ओळखायला पानाची मागची बाजू पाहावी. ठसा आणि खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे धातूचे ठसे, दाबून छापलेले असतात, म्हणून पानाच्या पाठीवर उठाव लागतो. तिरप्या उजेडात तो नीट दिसतो. भिंगातून पाहिलं तर रेघेच्या कडेला शाई जास्त गडद असते, कारण दाबानं ती कडेकडे सरकते.

शिळाछापाला हा उठाव नसतो. तेलकट खडूनं किंवा शाईनं दगडावर काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फक्त तेलकट जागी धरते. चित्रात खडूचा रवा दिसतो. मजकूरही दगडावर हातानं लिहिलेला असतो, त्यामुळे एका पानावरचे दोन ‘क’ कधीच हुबेहूब सारखे नसतात. खिळाछापात एका मापाचे सगळे ‘क’ सारखे. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली शिळेवर पंचांग छापलं, तेव्हापासून पुढची कितीतरी दशकं पोथ्या अशा छापल्या गेल्या. म्हणूनच बाजारात एक घोळ वारंवार होतो. शिळाछाप पोथी ‘हस्तलिखित’ म्हणून विकली जाते. विकणारा नेहमीच फसवत असतो असं नाही, त्यालाही माहीत नसतं. बोरूच्या अक्षरात शाई जिथे थांबते तिथे साचते, वळणावर फिकी-गडद होते, ओळीत मध्येच बोरू पुन्हा शाईत बुडवलेला कळतो. शिळाछापात काळेपणा सगळीकडे एकसारखा. पातळ कागदावर छपाईच्या शाईतलं तेल अक्षराभोवती पिवळट कड सोडतं, तीही खूण धरावी.

रंगीत शिळाछापात नकली माल सगळ्यात जास्त. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली देवादिकांची चित्रं इतकी खपली की आजही त्यांच्या नव्या प्रती जुन्या सागवानी चौकटीत घालून विकल्या जातात. भिंग लावलं की निकाल लागतो. नव्या ऑफसेट छपाईत निळा, गुलाबी, पिवळा, काळा अशा चारच रंगांच्या ठिपक्यांची लहान लहान फुलं दिसतात, अगदी शिस्तीत. जुन्या दगडी छपाईत ठिपके हातानं मारलेले, लहानमोठे, वाकडेतिकडे असतात. रंग चारापेक्षा जास्त असतात आणि देवीच्या गालावरचा गुलाबी आणि साडीवरचा लाल हे दोन वेगळे दगड असतात. कडेला रंग एक केसभर सरकलेला दिसला तर ते दोष न मानता पुरावा मानावा. मग चौकटीची पाठ पाहावी. मागे लावलेल्या वर्तमानपत्राची तारीख, खिळ्यांचा गंज, कागदावरचे डाग यांचा एकमेकांशी मेळ बसतो का? गंजलेल्या खिळ्यांच्या शेजारी कोऱ्या, चकचकीत पिना दिसल्या तर चौकट उघडून आत काहीतरी घातलेलं आहे. चित्र काचेला चिकटलं असेल तर तिथे ओढून पाहू नये. रंगाचा थर काचेवरच राहतो.

साल शोधण्याला आमच्याकडे ठरलेला क्रम आहे. शके दिलेला असेल तर ७८ मिळवायचे. शके १८०५ म्हणजे १८८३. वर्ष चैत्रात बदलतं, म्हणून पौष-माघ-फाल्गुनातली छपाई असेल तर इंग्रजी साल एकानं पुढे जाऊ शकतं. साल कुठेच नसेल तर आडून शोधावं. ‘सन १८६७ चा आक्ट २५’ प्रमाणे नोंद केल्याची ओळ असेल तर पुस्तक अर्थातच १८६७ नंतरचं. किंमत आण्यांत असेल तर बहुतेक एप्रिल १९५७ च्या आधीचं. ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ या दरम्यानचं. प्रकाशकाच्या पत्त्यात ‘मुंबई नं. ४’ असा नुसता विभाग असेल तर एक काळ, सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. आणि भाषाच बोलते. ‘घरांत’, ‘केलें’, ‘तें’ असे अनुस्वार भरपूर असतील तर शुद्धलेखनाचे १९६२ चे नियम येण्याआधीची छपाई. नंतरही काही जुन्या वळणाचे लेखक अनुस्वार देत राहिले, तेव्हा ही एकटी खूण पुरी धरू नये, दुसरीची जोड हवी.

पैशांबद्दल थोडक्यात. एकटं चित्र मागितलं की भाव चढतो. गठ्ठा मागितला की किलोवर येतो. मात्र गठ्ठा सोडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. वर एक रंगीत पान आणि खाली तीस किलो गाईडं, हा प्रकार नेहमीचा. लांबून विकत घेताना समोरच्याकडून तीन फोटो मागवावेत: तिरप्या उजेडातला, पानाच्या पाठीचा आणि मोबाइल अगदी जवळ नेऊन काढलेला. तिसरा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडावा.

आणखी एक. शाबूत पुस्तक चित्रांसाठी फोडू नये. बाजारात फुटक्या प्रती पुष्कळ आहेत आणि त्या स्वस्तही आहेत. आमच्या कामाला त्या पुरतात, उलट सुटं पान स्कॅनरवर सरळ बसतं.

घरी आणलेला माल थेट कपाटात जात नाही. महिनाभर तो झिपच्या पिशवीत, इतर पुस्तकांपासून लांब. पिशवीच्या तळाशी ताजी भुकटी पडत राहिली तर आत किडा जिवंत आहे. गोल, टाचणीच्या डोक्याएवढी आरपार भोकं पुस्तककिड्याच्या अळीची. कागदाचा वरचा थर खरवडल्यासारखा दिसला तर कसर. मातकट बोगदे दिसले तर वाळवी, मग ते पुस्तक घरात आणूच नये. किड्यावर आम्ही थंडी वापरतो. हवा काढून दोन पिशव्यांत बंद केलेलं पुस्तक उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर थंड पानांवर बाष्प धरतं आणि किडा मेला तरी बुरशी येते. एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा याला चालत नाही, तो तितका थंड होत नाही. वार्निश मारलेली चित्रं आणि छायाचित्रं मात्र फ्रीझरमध्ये घालू नयेत. डांबरगोळ्या टाळाव्यात. त्यांचा वास कागदात बसतो आणि खोलीतल्या माणसांनाही तो चांगला नाही. वेखंडाचे तुकडे कापडी पुरचुंडीत घालून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवायची जुनी रीत आम्हीही पाळतो, पण आत शिरलेला किडा त्यानं मरत नाही.

गोदाकाठच्या घरांतून आलेल्या पुस्तकांची एक खास ओळख आहे. २००८ चा सप्टेंबर आणि २०१६ चा ऑगस्ट, दोन्ही वेळा पुरात गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला होता. त्या पाण्यातून वाचलेल्या पुस्तकांवर तपकिरी रेघ असते आणि शिवणीत बारीक गाळ. साधा कागद असेल तर वाळल्यावर कुंचल्यानं गाळ निघतो. चकचकीत आर्ट पेपर असेल तर आशा सोडावी. त्यावर पांढऱ्या मातीचा लेप असतो. तो भिजून वाळला की पानं एकमेकांना धरतात आणि पुस्तकाची वीट होते. ओलं असतानाच एकेक पान सोडवून मध्ये टिपकागद घातला तरच ते वाचतं. वाळल्यावर चाकूनं सोडवायला गेलं की चित्र शेजारच्या पानावर जातं.

बुरशी असलेलं पुस्तक आधी सावलीत, हवेशीर जागी वाळवायचं. उन्हात नाही. पूर्ण कोरडं झाल्यावर मास्क लावून, घराबाहेर, मऊ कुंचल्यानं बुरशी झटकायची. ओलसर असताना झटकली तर ती पानात चोळली जाते. या कामाला नाशिकचा डिसेंबर-जानेवारी उत्तम, हवा कोरडी असते आणि पानं लवकर सुटतात. पावसाळ्यात आम्ही जुनं पुस्तक उघडतही नाही.

पान साफ करायला मऊ पांढरं खोडरबर किसणीवर किसून तो चुरा पानावर टाकायचा आणि बोटानं गोलगोल, अगदी हलक्या हातानं फिरवायचा, मधून कडेकडे. मग कुंचल्यानं सगळा चुरा झटकायचा, विशेषतः शिवणीतला. पेन्सिलीची जुनी नोंद, हातानं रंगवलेलं चित्र किंवा खडूचं काम असेल तिथे हे करायचं नाही. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं तांबूस डाग घालवायचा सल्ला देणारे भेटतात. पान त्या दिवशी पांढरं दिसतं, वर्षा-दोन वर्षांत ठिसूळ होऊन तुकडे पडतात. जांभळे रबरी शिक्के आणि कॉपिंग पेन्सिलीची अक्षरं पाण्याचा थेंब लागताच पसरतात, हेही ध्यानात असावं.

शिवणीतल्या तारेच्या गंजलेल्या टाचण्या मासिकांचं सगळ्यात मोठं दुखणं. मधल्या पानावरची टोकं पातळ पट्टीनं सरळ करून टाचणी बाहेरच्या बाजूनं काढायची. ओढायची नाही. त्याच भोकांतून सुती दोरा घालायचा.

फाटलेलं पान जोडायला सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको, लॅमिनेशन तर नकोच. टेपचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो आणि त्याचा डाग कायमचा. लागते ती गव्हाची खळ आणि जपानी पातळ कागद. खळीसाठी बाजारातला मैदा घेऊ नये, त्यात चिकट प्रथिनं असतात, खळ कडक होते आणि झुरळं येतात. कुरडयांसाठी घरोघरी निघतो तोच चीक घ्यावा, मीठ-हिंग पडायच्या आधीचा. तीन दिवस भिजवलेला, पाणी रोज बदललेला गहू वाटून गाळायचा, रात्रभर ठेवायचा आणि वरचं पाणी ओतायचं. इथपर्यंत कुरडईचीच रीत. पुढे आणखी तीन-चार वेळा स्वच्छ पाणी घालून, तळ बसू देऊन, वरचा पिवळसर थर काढून टाकायचा. तळाचा पांढराशुभ्र भाग उन्हात वाळवून ठेवला की वर्षभर पुरतो.

एक वाटी पूड, पाच वाट्या पाणी. अर्धा तास भिजू द्यायचं, मग मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं न थांबता ढवळायचं. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी अर्धपारदर्शक दिसायला हवी. कच्ची राहिली तर चिकटत नाही आणि वाळल्यावर भुकटी होऊन निघते. पूर्ण गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा दाबून काढायची आणि वापरताना पाणी घालून पातळ दह्याइतकी सैल करायची. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबट वास आला की फेकायची. बांधणीवाले खळीत मोरचूद घालत, किडा लागू नये म्हणून. तांब्याचा तो क्षार कागद लवकर कुजवतो. जुन्या पुस्तकांच्या कण्याशी हिरवट डाग दिसतात ते त्याचेच.

जपानी कागद कात्रीनं कापायचा नाही. ओल्या कुंचल्यानं रेघ ओढून फाडायचा, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि तेच पकड घेतात. पट्टी फाटीपेक्षा दोन्हीकडे दोन-तीन मिलिमीटर रुंद. खळ पट्टीला लावायची, पानाला नाही. जोड पानाच्या पाठीकडून. वर-खाली पातळ न विणलेलं कापड, त्यावर टिपकागद, त्यावर सपाट फळी आणि दोन किलो वजन. पहिला टिपकागद दहा मिनिटांनी बदलायचा, मग रात्रभर तसंच. पान चुण्या पडून सुकलं तर खळ जास्त पातळ होती किंवा वजन उशिरा पडलं.

साठवणीला लोखंडी, रंग भाजलेलं कपाट बरं. प्लायवूडमधून निघणारी वाफ कागदाला पिवळं करते आणि वाळवीला तर ते पक्वान्नच. खालचा खण जमिनीपासून चार इंच वर, कपाटाची पाठ भिंतीपासून दोन इंच सुटी. पावसाची झड लागणाऱ्या भिंतीला कपाट टेकवूच नये. मोठी चित्रं आडवी, आम्लविरहित कागदाच्या घडीत. प्लॅस्टिकच्या पिशव्या घ्यायच्या तर पॉलिप्रोपिलीनच्या किंवा पॉलिस्टरच्या. ज्या पिशवीला नव्या रेक्झिनसारखा वास येतो ती पीव्हीसी, ती चित्राची शाई ओढून घेते.

स्कॅन ६०० डीपीआयला, टिफ फाइल, रंगीतच. काळंपांढरं चित्र असलं तरी. पानामागे काळा कागद ठेवला की पाठचा मजकूर आरपार दिसत नाही. हाफटोन चित्रावर लहरी उमटतात, तिथे १२०० ला स्कॅन करून मग लहान करायचं. बांधलेलं पुस्तक काचेवर दाबलं तर कणा मोडतो. ते नव्वद-शंभर अंशांपर्यंतच उघडून, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दिवे लावून कॅमेऱ्यानं टिपावं. फाइलच्या नावात नोंद क्रमांक, छपाईचा प्रकार आणि विषय एवढं पुरे. तोच क्रमांक मऊ पेन्सिलीनं पानाच्या पाठीवर, कोपऱ्यात. विषयवार लावणीत आम्ही लेखक किंवा साल धरत नाही. चौकटी, वेली, अक्षरं, भांडी, दागिने, पशुपक्षी, यंत्रं असे कप्पे आहेत.

वापरताना हक्काचा हिशेब ठेवावा लागतो. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. एम. व्ही. धुरंधर १९४४ साली गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत थांबायचं. रघुवीर मुळगावकर १९७६ साली, म्हणजे २०३६ संपेपर्यंत. दलाल-मुळगावकरांची मुखपृष्ठं पाहून शिकायला कोणाची ना नाही, पण उचलून पत्रिकेवर छापायला आहे.

आणि उचलायचं काय, हा प्रश्न राहतोच. जुन्या पंचांगाच्या चौकटीचं उदाहरण घेऊ. ती चौकट नक्षीचा एकच छोटा धातूचा खिळा पुन्हा पुन्हा जुळवून केलेली असते, कोपऱ्याचा तुकडा वेगळा. पानाची लांबी खिळ्याच्या मापानं पुरी भागली नाही की जुळारी मध्ये पातळ शिशाची पट्टी सारायचा, त्यामुळे वेलीत कुठेतरी केसाएवढी फट राहते. संगणकावर ती वेल ओढली की पहिलं काम आपण फट बुजवण्याचं करतो, मग पानं सारखी करतो, मग कोपरे गुळगुळीत वळवतो. शेवटी उरते ती कुठल्याही वेबसाइटवर फुकट मिळणारी वेल. म्हणून आम्ही आधी तो एक खिळा मोजतो, त्याच्या मापाचा चौकोन कागदावर आखतो आणि नवी वेल त्याच चौकोनात काढतो. मग ती येवल्याच्या साडीच्या काठावर जाणार असो की लग्नपत्रिकेवर, लांबी भागली नाही तर फट मध्यभागी येऊ देतो.